मॅस्टोडॉन आणि लेमी: खातं कुठे राहतं, कम्युनिटी कुठून चालते

मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखं आणि लेमी हे रेडिटसारखं समाजमाध्यम. दोन्ही एका कंपनीच्या ताब्यात नाहीत, तर वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या आणि एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरवर चालतात. या जाळ्याला फेडिव्हर्स म्हणतात. लेमीवरच्या विषयवार चर्चेच्या गटाला कम्युनिटी म्हणतात. नोव्हेंबर 2019 मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं आणि त्याचा निषेध म्हणून भारतातले बरेच जण मॅस्टोडॉनवर आले. 2022 मध्ये ट्विटरचा मालक बदलला तेव्हा जगभरातून दुसरी लाट आली. 2023 मध्ये रेडिटने एपीआयसाठी, म्हणजे बाहेरच्या अ‍ॅपना रेडिटशी जोडणाऱ्या सोयीसाठी, पैसे आकारायचं जाहीर केलं आणि जूनमध्ये अशीच गर्दी लेमीवर झाली. प्रत्येक लाटेतले कित्येक जण काही दिवसांत परत गेले. इथे काही दिसत नाही, सापडत नाही, आकडे जुळत नाहीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्या बहुतेक खऱ्याच होत्या, पण त्यांची कारणं ठरलेली आहेत आणि बऱ्याच तक्रारींवर इलाजही आहेत. त्यासाठी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते: प्रत्येक खात्याला आणि प्रत्येक कम्युनिटीला एकच घरचा सर्व्हर असतो. बाकी सगळीकडे दिसते ती नक्कल.

पत्ता वाचणं

खात्याचा पत्ता @नाव@सर्व्हर असा असतो. ई-मेलमध्ये जसं जीमेलवाल्याला याहूवाल्याशी बोलता येतं, तसंच इथेही. लेमीवरच्या कम्युनिटीचा पत्ता उद्गारचिन्हाने सुरू होतो: !नाव@सर्व्हर. सर्व्हरचं नाव गाळलं तर पत्ता अर्धा राहतो. दोन सर्व्हरवर एकाच नावाची खाती असली तरी ती माणसं वेगळी असू शकतात. कुणी ओळखीच्या नावाने पैसे मागितले किंवा लिंक पाठवली, तर आधी दुसऱ्या @ नंतरचा भाग वाचा. कम्युनिटीचंही तसंच आहे. 'टेक्नॉलॉजी' नावाची कम्युनिटी लेमी डॉट वर्ल्डवर आहे, लेमी डॉट एमएलवर आहे आणि बीहॉ या सर्व्हरवरही आहे. तिन्हींचे नियम, मॉडरेटर आणि वाचक वेगळे.

तुम्ही एखादा परका पत्ता शोधता तेव्हा तुमचा सर्व्हर त्या सर्व्हरला वेबफिंगर नावाच्या ठरलेल्या मार्गाने विचारतो की या नावाचं कुणी आहे का. उत्तरात प्रोफाइलचा पत्ता मिळतो आणि प्रोफाइलबरोबर त्या खात्याची सार्वजनिक किल्लीही येते, म्हणजे त्याच्या निरोपांवरची डिजिटल सही तपासायचं साधन. पुढचा सगळा निरोपानिरोपीचा व्यवहार अ‍ॅक्टिव्हिटीपब या प्रमाणाने चालतो. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ते 23 जानेवारी 2018 रोजी अधिकृत केलं. तुम्ही फॉलो दाबलं की तुमच्या सर्व्हरची विनंती तिकडे जाते, होकार परत येतो, आणि त्या क्षणापासूनच्या नव्या पोस्ट तुमच्या सर्व्हरवर येऊ लागतात. आधीच्या पोस्ट सहसा येत नाहीत. म्हणून एखाद्याची प्रोफाइल तुमच्या सर्व्हरवर रिकामी दिसते, तर त्याच्या घरच्या सर्व्हरवर शेकडो पोस्ट असतात. जुनं वाचायचं असेल तर मूळ पान उघडा. दुसरा इलाज शोधत बसू नका.

सर्व्हर निवडताना

पत्त्यातला सर्व्हरचा भाग नंतर बदलता येत नाही, म्हणून इथे अर्धा तास घालवा. 'याबद्दल' हे पान उघडून तीन गोष्टी पाहा: सर्व्हर कोण चालवतं, एकापेक्षा जास्त अ‍ॅडमिन आहेत का, आणि खर्च कुठून येतो. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतल्या सर्व्हरनी एक करार मान्य केलेला असतो. त्यात रोजचा बॅकअप, आणीबाणीत सर्व्हर हाताळू शकणारी दुसरी व्यक्ती, द्वेषपूर्ण मजकुरावर कारवाई आणि बंद करायचं झाल्यास तीन महिन्यांची आगाऊ सूचना या अटी आहेत. नवख्याने या यादीतलाच सर्व्हर घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. लेमीसाठी असा करार नाही, त्यामुळे तिथे अ‍ॅडमिनची संख्या आणि सर्व्हर किती दिवस टिकलाय हे जास्त बारकाईने पाहा.

डोमेनचं शेपूटही पाहा. माली देशाच्या डॉट एमएल या डोमेनचं व्यवस्थापन 2023 मध्ये बदललं आणि एफएमएचवाय हा लेमी सर्व्हर डोमेन गमावून बसला. फेब्रुवारी 2024 मध्ये अफगाणिस्तानच्या तालिबान सरकारने क्वीअर डॉट एएफ या मॅस्टोडॉन सर्व्हरचं डोमेन रद्द केलं. यंत्र शाबूत असलं तरी पत्ता गेला की सगळी नाती तुटतात, कारण बाकीचे सर्व्हर तुम्हाला त्या पत्त्यानेच ओळखतात.

सर्व्हरने कुणाकुणाला ब्लॉक केलंय तेही पाहा. मॅस्टोडॉनवर ही यादी बऱ्याचदा 'याबद्दल' पानाच्या तळाशी असते, लेमीवर 'इन्स्टन्सेस' पानावर. जून 2023 मध्ये बीहॉने लेमी डॉट वर्ल्डशी संबंध तोडले. कुणालाही खातं देणारी खुली नोंदणी आणि लेमीतली मॉडरेशनची अपुरी साधनं, ही कारणं त्यांनी दिली होती. त्या दिवसानंतर लेमी डॉट वर्ल्डवरच्या माणसाला बीहॉच्या कम्युनिटीची जुनी नक्कल दिसत राहिली. त्याला तिथे लिहिताही येत होतं, फक्त ते बीहॉवर कुणालाच पोचत नव्हतं. ज्या कम्युनिटीसाठी तुम्ही येताय तिचा सर्व्हर अशा यादीत असेल तर दुसरं घर बघा.

खात्याचं नाव रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर यांतच ठेवा. मॅस्टोडॉन दुसरं काही घेतच नाही. प्रोफाइलवर दिसणारं नाव मात्र खुशाल देवनागरीत लिहा. काही सर्व्हर नोंदणीच्या अर्जात इथे का यायचंय असा प्रश्न विचारतात. तिथे दोन सरळ, खरी वाक्यं लिहा. एका शब्दाचे अर्ज बहुधा नाकारले जातात, कारण स्पॅमवालेही तेवढंच लिहितात.

भाषेची खूण

मराठीत लिहिणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. लेमीच्या सेटिंगमध्ये भाषांची यादी असते. त्यात फक्त मराठी निवडली की पान जवळजवळ ओस पडतं, कारण बहुसंख्य लोक पोस्टला भाषा लावतच नाहीत आणि त्या पोस्ट 'अनडिटरमाइन्ड' या सदरात जातात. म्हणून मराठी, इंग्रजी, जी हवी ती भाषा निवडा, पण 'अनडिटरमाइन्ड' निवडलेलं राहू द्या. कम्युनिटीलाही भाषा ठरवून देता येते. तिच्या यादीत मराठी नसेल आणि तुम्ही प्रतिक्रियेला मराठी लावलीत, तर सर्व्हर ती नाकारतो.

मॅस्टोडॉनवर भाषेची गाळणी फक्त सार्वजनिक टाइमलाइनला लागते, तुम्ही फॉलो केलेल्यांच्या पोस्टना नाही. लिहिताना भाषेचं बटण मराठीवर आहे ना हे पाहा. ते इंग्रजीवर राहिलं तर मराठी निवडून बसलेल्या वाचकाला तुमची पोस्ट सार्वजनिक टाइमलाइनवर दिसणार नाही, आणि भाषांतराचं बटणही गोंधळेल. मूळ मर्यादा 500 अक्षरांची आहे. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजत नाहीत, त्यामुळे मराठीला बऱ्यापैकी जागा मिळते. लिंक कितीही लांब असली तरी 23 अक्षरं धरतात, आणि कुणाचा उल्लेख केलात तर त्याच्या सर्व्हरचं नाव मोजत नाहीत.

माणसं आणि कम्युनिटी शोधणं

दुसऱ्या सर्व्हरचं पान ब्राउझरमध्ये उघडून तिथेच फॉलो करायला गेलात तर ते लॉगिन मागेल, कारण तिथे तुमचं खातं नाही. पूर्ण पत्ता किंवा पोस्टची मूळ लिंक कॉपी करा, आपल्या घरच्या सर्व्हरवर लॉगिन करा आणि शोधपेटीत चिकटवा. लॉगिन नसेल तर हा शोध बाहेर जात नाही. लेमीवर एखादी कम्युनिटी तुमच्या सर्व्हरवरून पहिल्यांदाच कुणी शोधत असेल तर उत्तर रिकामं येऊ शकतं. दहा-पंधरा सेकंद थांबून पुन्हा शोधा. सापडल्यावर अलीकडच्या काही पोस्ट येतात, त्यांच्या जुन्या प्रतिक्रिया आणि मतं येत नाहीत. त्यामुळे गजबजलेली कम्युनिटीसुद्धा पहिल्या दिवशी मेल्यासारखी वाटते. सदस्य व्हा आणि दोन दिवस जाऊ द्या.

मॅस्टोडॉनच्या फेडरेटेड टाइमलाइनवर, म्हणजे इतर सर्व्हरच्या पोस्टही दाखवणाऱ्या सार्वजनिक यादीत, सगळं जग दिसत नाही. तुमच्या सर्व्हरवरच्या कुणीतरी ज्यांना फॉलो केलंय, मुख्यतः त्यांच्याच पोस्ट तिथे येतात. लेमीच्या 'ऑल' यादीचंही तसंच, तिथे सर्व्हरवरचा निदान एक सदस्य असलेल्या कम्युनिटी दिसतात. वीस माणसांच्या सर्व्हरवर हॅशटॅग ओस असतो आणि मोठ्या सर्व्हरवर तोच भरलेला, याचं कारण हेच. लहान सर्व्हरवर असाल तर सुरुवातीला मुद्दाम जास्त लोकांना फॉलो करा आणि हॅशटॅगही फॉलो करा. ही सोय मॅस्टोडॉनमध्ये चौथ्या आवृत्तीपासून आहे.

लेमीवरची लिंक पाठवतानाही काळजी घ्या. एकच पोस्ट प्रत्येक सर्व्हरवर वेगळ्या क्रमांकाने साठवलेली असते. लिंकमधला नुसता सर्व्हर बदललात तर भलतीच पोस्ट उघडेल. पोस्टजवळचं रंगीत फेडिव्हर्सचं चिन्ह दाबलं की मूळ लिंक मिळते, ती द्या. कम्युनिटीबद्दल सांगताना लिंकऐवजी !नाव@सर्व्हर असा पत्ता लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला ती त्याच्याच सर्व्हरवर उघडेल.

एका प्रतिक्रियेचा प्रवास

समजा तुमचं खातं 'ग' सर्व्हरवर आहे, कम्युनिटी 'ख' वर आहे आणि वाचणारी व्यक्ती 'क' वर. तुम्ही पाठवा दाबलंत. 'ग' ती प्रतिक्रिया आधी आपल्याकडे साठवतो, म्हणून तुम्हाला ती लगेच दिसते. ती पोचली असं यावरून समजू नका. मग 'ग' तिच्यावर सही करून ती 'ख' कडे पाठवतो. 'ख' सही तपासतो, तुमच्यावर बंदी आहे का, पोस्टला कुलूप आहे का, भाषा चालते का ते बघतो. सगळं ठीक असेल तर तो ती साठवतो आणि ज्या ज्या सर्व्हरवर कम्युनिटीचा एक तरी सदस्य आहे त्या सगळ्यांना कम्युनिटीच्या नावाने पुन्हा जाहीर करतो. त्यांत 'क' असतो. 'ग' आणि 'क' कम्युनिटीच्या बाबतीत एकमेकांशी थेट बोलतच नाहीत. मत देणं, दुरुस्ती करणं, पोस्ट उडवणं, सगळं याच वाटेने जातं.

प्रतिक्रिया कुणाला दिसत नाही अशी शंका आली तर खासगी खिडकीत, लॉगिन न करता, 'ख' वरची मूळ पोस्ट उघडा. तिथे तुमची प्रतिक्रिया नसेल तर अडचण 'ग' आणि 'ख' यांच्यामध्ये आहे: ब्लॉक, बंदी किंवा तुंबलेल्या निरोपांची रांग. तिथे आहे पण 'क' वर नाही, तर 'क' ने तुमचा सर्व्हर ब्लॉक केलाय किंवा 'क' मागे पडलाय. अ‍ॅडमिनला लिहिताना हे दोन निष्कर्ष आणि मूळ लिंक द्या. 'चालत नाही' एवढ्यावर त्यांना काहीच करता येत नाही.

मागे पडणं म्हणजे काय ते 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लेमी सर्व्हरवर नीट दिसलं. लेमी 0.19 पासून निरोप हरवू नयेत म्हणून प्रत्येक सर्व्हरसाठी रांग ठेवतो, आणि त्या वेळी एका निरोपाची पोच आल्याशिवाय दुसरा पाठवत नसे. युरोपातून ऑस्ट्रेलियाला जाऊन यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा धरला तरी सेकंदाला तीनच निरोप जातात. लेमी डॉट वर्ल्डवर मतं धरून त्याहून जास्त निरोप तयार व्हायचे, त्यामुळे पलीकडच्या वाचकांना कधीकधी काही दिवसांपूर्वीचं पान दिसत होतं. 0.19.6 आवृत्तीत एकाच वेळी अनेक निरोप पाठवायची सोय झाली. आजही तुमचा सर्व्हर सतत मागे राहत असेल तर अ‍ॅडमिनला दोन्ही बाजूंची आवृत्ती तपासायला सांगा.

मतांचे आणि लाइकचे आकडे सर्व्हरगणिक वेगळे दिसतात ते वरच्याच कारणाने. ते जुळवत बसू नका. सदस्यत्वाचं बटण बराच वेळ 'पेंडिंग' दाखवत असेल तर 'ख' कडून होकार परत आलेला नाही. सदस्यत्व रद्द करून तासाभराने पुन्हा घ्या, बहुतेकदा एवढ्याने काम होतं.

मॅस्टोडॉनवरून लेमीत भाग घेणं

मॅस्टोडॉनवरच्या पोस्टमध्ये कम्युनिटीचा उल्लेख @नाव@सर्व्हर असा केला की ती लेमीवर नवी पोस्ट म्हणून उमटते. पहिली ओळ शीर्षक बनते, म्हणून पहिल्या ओळीत विषय लिहा आणि उल्लेख शेवटी टाका. लेमीवरच्या पोस्टला उत्तर दिलंत तर ते प्रतिक्रिया म्हणून जातं. कम्युनिटीला मॅस्टोडॉनवरून फॉलो मात्र जपून करा. प्रत्येक पोस्ट आणि प्रत्येक प्रतिक्रिया बूस्ट होऊन, म्हणजे कम्युनिटीने पुढे ढकललेली पोस्ट म्हणून, येते आणि गजबजलेल्या कम्युनिटीने तासाभरात टाइमलाइन भरून जाते. फॉलो करून तिला वेगळ्या यादीत टाकावं आणि मुख्य टाइमलाइनमधून लपवावं. उलट दिशेने, लेमीच्या 0.19 मालिकेत एखाद्या माणसाला फॉलो करायची सोय नाही. दोन्ही हवं असेल तर फेडिव्हर्समधलंच एमबिन हे सॉफ्टवेअर वापरून बघा.

खासगीपणाबद्दल थोडं. मॅस्टोडॉनवरचा खासगी उल्लेख कुलूपबंद नसतो. दोन्हीकडच्या अ‍ॅडमिनना तो वाचता येऊ शकतो, आणि मजकुरात तिसऱ्याचा पत्ता लिहिलात तर तो त्यालाही जातो. लेमीवरची मतं अ‍ॅडमिनना दिसतात. पोस्ट उडवली की उडवण्याचा निरोप जातो, पण बंद पडलेल्या किंवा तुम्हाला ब्लॉक केलेल्या सर्व्हरवर नक्कल तशीच राहू शकते. फोन नंबर, घरचा पत्ता, मुलांचे फोटो यांचा विचार पाठवण्याआधीच करा.

खातं हलवणं

मॅस्टोडॉनवर खातं हलवता येतं, त्यासाठी जुना सर्व्हर जिवंत असताना आणि या क्रमाने:

1. जुन्या खात्यातून 'इम्पोर्ट अँड एक्सपोर्ट' मध्ये जाऊन फॉलो, याद्या, म्यूट, ब्लॉक, बुकमार्क यांच्या सीएसव्ही फाइल उतरवून घ्या. पोस्टचा संग्रहही मागवा. तो सात दिवसांतून एकदाच मागता येतो, म्हणून आधीच सुरुवात करा.
2. नव्या खात्याच्या 'अकाउंट' सेटिंगमध्ये 'दुसऱ्या खात्यावरून येणं' या पर्यायात जुना पूर्ण पत्ता घालून त्याला टोपणपत्ता म्हणून नोंदवा.
3. मग जुन्या खात्यात 'दुसऱ्या खात्याकडे जाणं' निवडा, नवा पत्ता आणि जुन्या खात्याचा पासवर्ड द्या.
4. नव्या खात्यात फाइल चढवा, आणि 'ओव्हरराइट' ऐवजी 'मर्ज' निवडा.

दुसरी पायरी गाळली तर तिसरी पुढे जातच नाही. कुणीही उठून तुमचे फॉलोअर पळवू नयेत म्हणून ही दुहेरी खातरजमा आहे. फॉलोअर हळूहळू, काही तासांत सरकतात. काही जुन्या सॉफ्टवेअरवरचे मागे राहतात, त्यांना स्वतंत्र कळवा. पोस्ट मात्र हलत नाहीत. एकदा हलवल्यावर पुढचे 30 दिवस पुन्हा हलवता येत नाही, तेव्हा नवा सर्व्हर पारखून घ्या. जुनं खातं लगेच उडवू नका. ते नव्याकडे बोट दाखवत राहतं, आणि उडवल्यावर तेच नाव त्या सर्व्हरवर परत मिळत नाही.

लेमीवर अशी बदली नाही. 0.19 पासून सेटिंगमधून एक फाइल काढून नव्या खात्यात चढवता येते. त्यात सदस्यत्वं, ब्लॉक आणि जपून ठेवलेल्या पोस्ट येतात. तुमची जुनी लिखापढी येत नाही. ही फाइल दर महिन्याला उतरवून ठेवा. काही सर्व्हर कुठलीच सूचना न देता गायब झालेत.

कम्युनिटी काढणं आणि वाचवणं

कम्युनिटी काढायच्या आधी त्याच विषयाची इतरत्र आहे का बघा. सदस्य दोन ठिकाणी विभागले की दोन्ही सुकतात. काही सर्व्हरवर कम्युनिटी काढायचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनला असतो, तेव्हा आधी विचारा. नाव रोमन आणि लहान ठेवा, ते पत्त्यात कायमचं राहतं. शीर्षक मराठीत लिहा. भाषांच्या यादीत मराठीबरोबर 'अनडिटरमाइन्ड' ठेवा, नाहीतर भाषा न लावणाऱ्यांच्या पोस्ट अडतील. दुसरा मॉडरेटर लगेच नेमा, आणि तो शक्यतो वेगळ्या सर्व्हरवरचा असू द्या. मॉडरेटर करायचं बटण त्या व्यक्तीच्या प्रतिक्रियेखाली मिळतं, म्हणून आधी तिला एक तरी प्रतिक्रिया लिहायला सांगा.

मॉडरेटरने उडवलेली पोस्ट सगळीकडून उडते. मात्र इतर सर्व्हरच्या अ‍ॅडमिनने उडवली तर ती फक्त त्याच्या सर्व्हरवरून जाते. सदस्याला एका सर्व्हरवर दिसतं आणि दुसऱ्यावर दिसत नाही, असं झालं की मॉडरेशन लॉग उघडा. कुणी काय उडवलं ते तिथे जाहीर असतं.

कम्युनिटीचा घरचा सर्व्हर बंद पडला की इतर सर्व्हरवरच्या नकला वाचता येतात, पण त्यांवर नवीन लिहिलेलं फक्त त्या त्या सर्व्हरपुरतं राहतं. सगळ्यांना जाहीर करणारं कुणी उरत नाही. 2024 मध्ये जर्मन भाषकांचा फेडिट डॉट डीई हा मोठा सर्व्हर असाच बंद पडला आणि लोकांना फेडिट डॉट ओआरजी इथे सगळं नव्याने उभारावं लागलं. बंद होण्याची चाहूल लागताच नव्या सर्व्हरवर कम्युनिटी काढा. जुन्या ठिकाणी नवा पत्ता असलेली पोस्ट वर टाचून ठेवा, बाजूच्या माहितीतही तो पत्ता पहिल्या ओळीत लिहा, आणि 'फक्त मॉडरेटरना लिहिता येईल' हा पर्याय चालू करा. हे सगळं जुना सर्व्हर निरोप पाठवू शकतोय तोवर व्हायला हवं, कारण टाचलेली पोस्ट इतर सर्व्हरवरच्या नकलांपर्यंत पोचायची वाट तीच आहे. सदस्य आपोआप येत नाहीत, प्रत्येकाला नव्याने सदस्य व्हावं लागतं. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे नव्या जागी रोज काहीतरी लिहीत राहा, आणि नियमित लिहिणाऱ्या आठ-दहा जणांना वैयक्तिक निरोप पाठवा.